प्रेसच्या गळ्याचा फोटो

“पुसून घेतो, अम्मा. फोटो छान येईल,” असं म्हणत नंजप्पा रॉकेलमध्ये बुडवलेला बोळा घेऊन वाकला आणि मी ओरडले, “बेडा! बेडा!”

नको, नको म्हणून मी एवढ्या मोठ्यानं ओरडेन असं मलाच वाटलं नव्हतं. कॉलेजात इतक्या दिवसांत मी प्राध्यापकांना एक प्रश्न विचारला नव्हता. इथं तर सगळं प्रेस शॉप माझ्याकडे बघायला लागलं. नंजप्पा म्हातारा हेल्पर. बोळा हातात तसाच धरून तो थांबला. रॉकेल टपटप त्याच्याच पायावर पडत होतं.

“का अम्मा? घाण आहे ना. साहेब लोक फोटो बघणार.”

“तीच घाण पाहिजे,” मी म्हटलं.

आमच्या समोर लाकडी ओंडक्यांवर एका पॉवर प्रेसचं मोडलेलं डोकं आडवं ठेवलेलं होतं. पॉवर प्रेस म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारं मशीन. बाजूनं बघितलं तर इंग्रजी सी अक्षरासारखं दिसतं. वरचा जबडा खाली येतो, खालच्या जबड्यावर पत्रा असतो. या सीच्या आतल्या वळणाला थ्रोट म्हणतात, म्हणजे गळा. सगळा ताण तिथं येतो. आमची प्रेस नेमकी गळ्यात मोडली होती. वरचा भाग क्रेननं उचलून आडवा ठेवला होता आणि मोडलेली बाजू आकाशाकडे होती. राखाडी, खरबरीत, तेलकट. कुणी म्हणेल, यात फोटो काढण्यासारखं काय आहे? आठवड्यापूर्वी मीही तेच म्हटलं असतं.

ही गोष्ट बासष्ट सालच्या उन्हाळ्यातली. मी बंगळूरला मल्लेश्वरमच्या एका कॉलेजात बी.एस्सी. करत होते, विषय केमिस्ट्री. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील चिक्कपेटेत शिवणकाम करायचे. त्यांना माझ्या अभ्यासातलं काही कळत नसे, पण गिऱ्हाईकाचं माप घेता घेता “आमची मगळू सायन्स शिकते” हे सांगायला ते विसरत नसत. मगळू म्हणजे मुलगी. आमच्या घरातली मराठी अशीच आहे, निम्मी कानडी. आमचे लोक इथं येऊन तीन-चारशे वर्षं झाली, तेवढं होणारच.

शेवटच्या वर्षाआधीच्या सुट्टीत आमच्यातल्या काही जणांना शहराबाहेरच्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात ट्रेनिंगला पाठवलं. मला केमिकल लॅब हवी होती. तिथं जागा नव्हती. “तुम्ही फोटो सेक्शनला जा, तिथंही केमिकल्स असतात,” असं सांगून पर्सोनेलच्या माणसानं माझी बोळवण केली. माझं नाव सुमित्रा बाई. आमच्याकडे बायकांच्या नावाला बाई लावतात आणि आडनावाच्या जागी तेच चालून जातं. कारखान्यानं मला ‘मिस बाई’ करून टाकलं.

मला फार वाईट वाटलं होतं. फोटो म्हणजे माझ्या मनात एकच चित्र होतं. बसवनगुडीचा स्टुडिओ, मागे रंगवलेला बगीचा, खुर्चीवर अवघडून बसलेली माणसं आणि काळ्या कापडाखालून “हलू नका” म्हणणारा माणूस. मला वाटलं, आपण शिकलो काय आणि करायचं काय.

सेक्शनचे प्रमुख कृष्णस्वामी सर. तपकीर ओढायचे आणि कमी बोलायचे. आमचं रोजचं काम मशीनच्या ड्रॉइंगच्या कॉप्या काढायचं. एखादं मशीन बिघडलं, पार्ट मोडला, तर त्याचाही फोटो रिपोर्टला जोडायला आमच्याकडूनच जाई. पहिले काही दिवस मी डेव्हलपर कालवला, ट्रे धुतले, प्रिंट वाळत घातल्या. कंटाळा आला होता हे खरंच सांगते.

मग ती प्रेस मोडली.

त्या वेळी तिच्यावर मुनीराजू नावाचा ऑपरेटर होता. संक्रांतीनंतर त्याला या प्रेसवर घेतलेलं. शांत माणूस, कॅन्टीनमध्ये एका कोपऱ्यात बसून डबा खायचा. मोठा आवाज झाला, वरचा भाग तिरका झाला. नशीब, कुणाला लागलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला चार्जशीट मिळाली आणि सस्पेंड केलं. आरोप असा की त्यानं डबल ब्लँक घातला. ब्लँक म्हणजे कापलेला पत्र्याचा तुकडा. एकाच्या जागी दोन चिकटून गेले की प्रेसवर नको तेवढा ताण येतो आणि ती मोडू शकते. ऑपरेटरच्या निष्काळजीपणात ही चूक पहिल्या नंबरची समजतात. इन्क्वायरीत ती सिद्ध झाली असती तर नोकरी जाणार होती. नोकरीबरोबर कंपनीचं क्वार्टरही. त्याची बायको आणि म्हातारी आई त्या क्वार्टरमध्येच राहत होत्या.

मुनीराजूचं म्हणणं एवढंच होतं, “मी एकच ब्लँक घातला.” पण प्रेस मोडल्यावर पत्र्याचा चुराडा झाला होता. त्यात एक होता की दोन, हे सांगायला कुणी नव्हतं.

रिपोर्टसाठी फोटो काढायला कृष्णस्वामी सर गेले. मी दिवा धरायला बरोबर होते. सरांनी सगळीकडून चार-पाच फोटो घेतले. दिवा धरून उभी असताना माझी नजर त्या मोडलेल्या बाजूवर होती. दुसरं बघायला काही नव्हतंच. गळ्याच्या आतल्या कडेजवळ त्या राखाडी लोखंडात मला किंचित गुलाबी झाक दिसल्यासारखी वाटली. मान वळवली की दिसेनाशी व्हायची. डोळ्यांवर दिव्याचा उजेड येतोय म्हणून भास होत असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

प्रिंट निघाल्या. त्यांत झाक नव्हती. सगळं एकसारखं राखाडी.

पण ती झाक डोक्यातून जाईना. घरी जाताना फॅक्टरीच्या बसमध्ये तीच, जेवताना तीच. आपण ट्रेनी. सरांच्या फोटोत काही राहिलंय असं कसं म्हणायचं? शेवटी एका सकाळी ट्रे धुता धुता, त्यांच्याकडे पाठ करूनच विचारलं, “सर, लाल रंग फोटोत कसा येतो?”

“कोणत्या फिल्मवर?” त्यांनी उलट विचारलं.

इथं थोडं समजावून सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. तेव्हा आमचं सगळं काम काळ्या-पांढऱ्या फिल्मवर चाले. ती दोन जातींची असते. एक पॅनक्रोमॅटिक. तिला आपल्या डोळ्यांसारखे सगळे रंग दिसतात, आणि फिकट लाल रंग त्या फिल्मवर राखाडी होऊन आजूबाजूच्या राखाडीत मिसळून जातो. दुसरी ऑर्थोक्रोमॅटिक. ती लाल रंगाला आंधळी असते. जिथं लाल, तिथं तिला काहीच दिसत नाही, आणि प्रिंटवर ती जागा काळी येते. सरांनी प्रेसचे फोटो नेहमीप्रमाणे पॅनवर काढले होते. ऑर्थो आम्ही ड्रॉइंगच्या कॉप्यांना वापरायचो. तिचे खोकेच्या खोके कपाटात पडलेले होते.

मी सरांना त्या गुलाबी झाकेचं सांगितलं. ते तपकिरीची डबी उघडायची विसरले.

“हे तू आज सांगतेस?”

“मला वाटलं भास असेल.”

“भास असेल तर ऑर्थोवर येणार नाही. जा, काढून आण.”

“मी?”

“मला ड्रॉइंगं द्यायची आहेत. कॅमेरा उचलता येतो ना? आणि आजच जा. उद्या तो तुकडा वेल्डिंगला जाणार आहे. तिथं पहिल्यांदा ग्राइंडर फिरवतात.”

अशी मी प्रेस शॉपमध्ये पोचले, ट्रायपॉड खांद्यावर, पदर कमरेला खोचलेला, आणि समोर रॉकेलचा बोळा घेतलेला नंजप्पा. त्याचा दोष नव्हता. आपल्याकडे फोटो म्हटला की आधी तोंड धुतात, पावडर लावतात. लोखंडालाही त्यानं तोच नियम लावला. एक हात फिरवला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती.

“कोण आरडाओरडा करतंय?”

मेंटेनन्सचे इंजिनिअर देशपांडे साहेब मागे येऊन उभे होते. पुण्याचे. इन्क्वायरीचा टेक्निकल रिपोर्ट तेच लिहीत होते. मी घाबरून मराठीतच बोलले, “सर, स्वल्प थांबा, एकच फोटो घ्यायचा आहे.”

“स्वल्प?” ते हसले. “अहो, हे तर आमच्या पोथीतलं मराठी. तुम्ही मराठी?”

“हो सर. इथलीच.”

“इथली म्हणजे?”

“आमचे लोक फार पूर्वी आले.”

“मग परत जायचं विसरलात वाटतं. बरं, फोटो तर झालेत ना? पुन्हा कशाला?”

मी सांगितलं. त्यांनी वाकून बघितलं, चष्मा काढून बघितलं, बोट लावायला गेले तेव्हा मी पुन्हा “नको!” म्हटलं. त्यांनी हात मागे घेतला.

“मला काही दिसत नाही. काढा फोटो. फिल्म सरकारची आहे.”

मी दिवा अगदी खाली, जवळजवळ लोखंडाला टेकवून ठेवला. उजेड तिरका पडला की खरबरीतपणा उठून दिसतो, हे सरांना करताना पाहिलं होतं. काळ्या कापडाखाली डोकं घातलं. काचेवर चित्र उलटं दिसतं. प्रेसचा गळा वर, जमीन आकाशात. मी आयुष्यात काढलेला तो पहिला फोटो.

डार्करूममध्ये आले. पॅन फिल्म मिट्ट काळोखात डेव्हलप करावी लागते, काही म्हणता काही दिसत नाही. ऑर्थोला लाल दिवा चालतो, कारण तिला लाल दिसतच नाही. त्यामुळे मी ट्रेमध्ये बघू शकत होते. निगेटिव्ह हळूहळू काळवंडायला लागली. आधी कडा, मग खरबरीत दाणे. सगळीकडे काळं चढत गेलं आणि गळ्याच्या आतल्या बाजूला एक चंद्रकोरीएवढा भाग तसाच स्वच्छ राहिला. तिथं फिल्मला काहीच दिसलं नव्हतं. म्हणजे तिथं लाल होतं.

त्या क्षणी मला काय झालं हे अजून नीट सांगता येत नाही. मी “सर!” म्हणून हाक मारली एवढं आठवतं. माझ्या डोळ्यांना धड दिसलं नव्हतं, इंजिनिअरच्या डोळ्यांना दिसलं नव्हतं, ते या पाण्यात तरंगणाऱ्या कातड्यासारख्या तुकड्याला दिसलं होतं, आणि तेही त्याला लाल रंग दिसत नाही म्हणून. केमिकल लॅब मिळाली नाही याचं दुःख तिथंच संपलं.

सर आले, वाकले, आणि एकच शब्द बोलले, “कुंकू.”

मग माझ्याही लक्षात आलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे आयुधपूजा असते. कारखान्यातलं प्रत्येक मशीन धुतात, हार घालतात, विभूती आणि कुंकू लावतात, समोर कुंकू भरलेला कोहळा फोडतात. प्रेसचा हार अर्थातच गळ्यात, आणि कुंकवाचं पाणीही गळ्यालाच. ते पाणी आत झिरपलं होतं. पण अखंड लोखंडात पाणी झिरपत नाही. झिरपायला फट लागते. म्हणजे पूजेच्या वेळी गळ्याला चीर होती. प्रेस त्या दिवशी एका फटक्यात मोडली नव्हती, ती आधीपासूनच मोडत आली होती, मुनीराजू तिच्यावर यायच्याही आधीपासून.

प्रिंट ओलीच घेऊन आम्ही देशपांडे साहेबांकडे गेलो. वर्क्स मॅनेजर तिथंच बसले होते. देशपांड्यांनी प्रिंट उजेडाकडे धरली. पांढऱ्या-राखाडी लोखंडात शाईनं काढल्यासारखी काळी कोर.

“गंज असेल,” ते म्हणाले. “गंजही लालच असतो. ऑर्थोवर तोही काळा येईल.”

हे बरोबर होतं. कृष्णस्वामी सर माझ्याकडे बघायला लागले. मग एकदम आठवलं की मी केमिस्ट्रीची विद्यार्थिनी आहे.

“सर, एक लिंबू मिळेल का?”

“सरबत करताय?” वर्क्स मॅनेजर म्हणाले.

“नाही सर. चांगलं कुंकू हळदीचं करतात. हळदीत चुना किंवा तसलाच काही अल्कली पडला की ती लाल होते. त्यावर आंबट पडलं की परत पिवळी होते. गंज काही केलं तरी पिवळा होत नाही.”

एवढं सलग वाक्य मी कुणा साहेबासमोर पहिल्यांदाच बोलले असेन. कॅन्टीनमधून लिंबू आलं. आम्ही सगळे प्रेस शॉपमध्ये गेलो. आता फोटो झाला होता, त्यामुळे एका टोकाला हात लावायला हरकत नव्हती. मी कापसाची वात ओली करून कोरीच्या कडेला घासली. कापूस लालसर झाला. मनात भीती होती, कुंकू बाजारातल्या रंगाचं निघालं तर? लिंबू पिळलं. कापूस पिवळा झाला. लख्ख पिवळा.

नंजप्पा मागून म्हणाला, “आपण मैसूरूहून मागवतो. देवळातलं. ड्युप्लिकेट नाही.”

वर्क्स मॅनेजर हसले, पण देशपांडे हसले नाहीत. “एक शंका आहे,” ते म्हणाले. “हे लोक प्रेस मोडल्यावर घाबरून पूजा करतात. कुंकू नंतर पडलं असेल.”

कुणी “नाही” म्हणालं असतं तरी त्याला पुरावा काय? माझ्या हातात प्रिंट होती. मी ती परत बघितली आणि त्यांच्यापुढे धरली.

“सर, नंतर पडलं असतं तर कुठंही पसरलं असतं. हे बघा. कोर एका रेषेवर थांबते. बाहेरच्या बाजूला एक ठिपका नाही. जिथपर्यंत चीर होती तिथपर्यंतच ते गेलं.”

त्यांनी खिशातून भिंग काढलं. बराच वेळ बघत राहिले. मला त्या वेळी कळलं नव्हतं, सरांनी नंतर सांगितलं, की ते काय बघत होते. चीर जुनी ठरली तर मुनीराजू सुटणार होता आणि दरमहा त्या प्रेसची तपासणी करणारं मेंटेनन्स अडकणार होतं. म्हणजे ते स्वतः.

शेवटी त्यांनी भिंग खिशात घातलं.

“मिस बाई, या प्रिंटच्या मला चार कॉप्या द्या. मोठ्या. आणि खाली लिहा, ऑर्थो फिल्मवर घेतला.”

“कुणी घेतला ते लिहायचं का?” सरांनी विचारलं.

“लिहायलाच पाहिजे. उद्या कुणी विचारलं तर उत्तर त्याच देतील. माझ्यापेक्षा बरं देतात.” मग मराठीत हळूच, “स्वल्प जास्तच बरं.”

त्यांनी रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलं की फ्रेमला जुनी चीर होती आणि ती तपासणीत सुटली. त्यासाठी त्यांना वरून बोलणी बसली, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी शब्द बदलला नाही. त्यांचा मला आजही माझ्याइतकाच अभिमान वाटतो. मुनीराजूची चार्जशीट मागे घेतली. बाकीच्या प्रेसच्या गळ्यांचेही ऑर्थोवर फोटो काढायचं ठरलं, आणि ते काम कृष्णस्वामी सरांनी माझ्याकडे दिलं. सुट्टी संपेपर्यंत मी कारखानाभर लोखंडाचे गळे शोधत फिरले. त्यांतल्या एका प्रेसला खरंच चीर सापडली, मोडायच्या आधी.

घरी मी हे सांगितलं तेव्हा वडिलांनी कात्री खाली ठेवली. सगळं ऐकून म्हणाले, “म्हणजे आता तू फोटो काढणार? माणसांचे?” मी म्हटलं, “नाही अप्पा, मोडलेल्या वस्तूंचे.” त्यांनी थोडा विचार केला आणि दुसऱ्या दिवशीपासून गिऱ्हाइकांना सांगायला लागले, “आमची मगळू सायन्सचे फोटो काढते.” डिग्री झाल्यावर मी त्याच सेक्शनमध्ये नोकरीला लागले आणि रिटायर होईपर्यंत तेच केलं.

मुनीराजू कामावर परत आला त्या दिवशी आमच्या सेक्शनच्या दारात येऊन उभा राहिला. आत येईना. मी बोलावलं तर म्हणाला, “अक्का, सगळे म्हणतात तुम्ही माझा फोटो काढला आणि मी सुटलो. बायकोला बघायचा आहे.”

मी त्याला प्रिंट दाखवली. त्यानं ती सरळ धरली, आडवी धरली, परत सरळ धरली.

“यात मी कुठं आहे?”

“तू नाहीस,” मी म्हटलं.

त्यानं प्रिंट आणखी एकदा आडवी धरली. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो हसायला लागला, मीही हसले, आणि आतून कृष्णस्वामी सरांनी काम करा म्हणून खाकरून सांगितलं.

माझ्या हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी हे सांगत आले. आपल्या धंद्यात चांगला फोटो तोच, ज्याच्यामुळे एखादा माणूस वाचतो आणि तो माणूस त्या फोटोत कुठंच नसतो.